कोपऱ्यावरच्या इमारतीला जास्त आकारणी का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) एका शहराच्या डाउनटाउनमध्ये कोपऱ्यावरची छोटी दुमजली इमारत घेतली आहे. खाली दातांचे डॉक्टर भाडेकरू आहेत, वर दोन ऑफिसं. पाच वर्षांपूर्वी इथे बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट (मालकांकडून पैसे घेऊन झाडलोटीसारख्या जादा सेवा देणारा विभाग) सुरू झालं आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात एक नवी ओळ आली. डाउनटाउन ओस पडल्यावर आम्ही अर्ज करून काउंटीकडून (म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनाकडून) इमारतीचं मूल्य कमी करून घेतलं. टॅक्स उतरला, पण ही ओळ दरवर्षी पाच टक्क्यांनी चढतेच आहे. शेजारची इमारत आमच्याहून मोठी, तरी तिला आमच्या निम्मी रक्कम. पलीकडच्या चर्चला तर त्याहून कमी. आता डिस्ट्रिक्ट पुढची दहा वर्षं चालू ठेवायचं म्हणून सहीसाठी याचिकेचा कागद आला आहे. आमचे हे म्हणतात, 'कचऱ्यात टाक, टॉवरवाल्यांपुढे आपलं काय चालणार.' तेवढी ओळ वगळून बाकीचा टॅक्स भरला तर चालेल का? आणि ही रक्कम डॉक्टरांकडून घेता येईल का?
— कोपऱ्यावरची मालकीण

उत्तर :

ताई,

तुमच्या यजमानांचा सल्ला आज जवळजवळ बरोबर आहे आणि काही महिन्यांनी साफ चुकेल. का, ते पुढे सांगते. आधी ज्याने हमखास नुकसान होईल ते थांबवू या.

ती ओळ वगळून टॅक्स भरू नका. कॅलिफोर्नियात ही आकारणी काउंटीच्या बिलातूनच वसूल होते. पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. चुकला की १० टक्के दंड. थकबाकी तशीच राहिली तर निवासी नसलेल्या व्यावसायिक मिळकतीच्या बाबतीत तीन वर्षांनंतर काउंटीला लिलावाचा अधिकारसुद्धा मिळू शकतो. भांडायचं असेल तर भरून भांडा.

मूल्य उतरलं तरी ही रक्कम का उतरली नाही, हा तुमचा पहिला राग. मूळ टॅक्स मूल्यावर चालतो. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने (प्रपोझिशन म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेला प्रस्ताव) तो मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला आणि मूल्याची वार्षिक वाढ २ टक्क्यांवर अडवली. बाजारभाव खाली आला तर त्याच वर्षीच्या प्रपोझिशन ८ मुळे मूल्य तात्पुरतं उतरवून मिळतं. तुम्ही तेच करून घेतलंत. डिस्ट्रिक्टच्या आकारणीत मात्र मूल्य हा आकडाच नसतो. इमारत पाच लाखांची असो की पन्नास लाखांची, आकारणीच्या सूत्राला त्याचं काही नाही. काउंटी इथे फक्त वसुलीचं काम करते. म्हणून त्यांच्या ऑफिसात फोन करून 'हे कमी करा' म्हणण्यात दुपार वाया जाईल, दुसरं काही होणार नाही.

मग ठरवतं कोण? तुमचं डिस्ट्रिक्ट मिळकतींवर आधारलेलं आहे, म्हणजे ते राज्याच्या १९९४ च्या कायद्याखाली आलं. (व्यवसायांकडून पैसे घेणारी वेगळी डिस्ट्रिक्टं बहुधा १९८९ च्या कायद्याखाली असतात, दोन्ही एकाच डाउनटाउनमध्ये असू शकतात आणि लोक हमखास गोंधळतात.) त्यावर १९९६ साली मतदारांनी प्रपोझिशन २१८ मंजूर केलं आणि राज्यघटनेत नियम घातला : ज्या मिळकतीला जेवढा विशेष लाभ, तेवढीच तिच्यावर आकारणी. हा लाभ कसा मोजला, ते राज्यात नोंदणी असलेल्या इंजिनिअरने अहवालात लिहून द्यायचं. शहराची कौन्सिल तो अहवाल आणि डिस्ट्रिक्टचा व्यवस्थापन आराखडा मंजूर करते. रोजचा कारभार मिळकतदारांची ना-नफा संस्था पाहते. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या दोन कागदांत आहेत, आणि माझा अंदाज आहे की घरात ते कोणी उघडलेले नाहीत.

लाभ काही तराजूत घालता येत नाही. म्हणून इंजिनिअर जे मोजता येतं ते मोजतात : रस्त्याकडच्या बाजूची लांबी (फ्रंटेज), जमिनीचं क्षेत्रफळ, बांधकामाचं क्षेत्रफळ. यातलं काय धरायचं आणि कशाला किती वजन द्यायचं, यातच सगळं राजकारण असतं. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत 'मेंटेनन्स फ्लॅटमागे सारखा की चौरस फुटावर' यावरून जे रण माजतं, तेच हे. फरक इतकाच की तिथे सभेत आरडाओरडा होतो आणि इथे अहवालाच्या परिशिष्टात एक तक्ता असतो.

तुमचं कोपऱ्याचं कोडं उदाहरणाने सोडवू. आकडे माझे आहेत, तुमच्या आराखड्यातले नाहीत. समजा दर असे : फ्रंटेजला फुटामागे १२ डॉलर, बांधकामाला चौरस फुटामागे ६ सेंट, जमिनीला ५ सेंट. तुमचा प्लॉट ४० बाय ९० फुटांचा, कोपऱ्यावर, म्हणजे दोन्ही बाजू रस्त्याला. फ्रंटेज १३० फूट, त्याचे १,५६० डॉलर. ५,४०० चौरस फूट बांधकामाचे ३२४. जमिनीचे १८०. एकूण २,०६४. शेजारची इमारत तीन मजली, ८,००० चौरस फुटांची, प्लॉट तुमच्याएवढाच, पण फक्त ४० फूट रस्त्याला. तिचे ४८०, ४८० आणि १८० मिळून ११४०. इमारत मोठी आणि पैसे जवळपास निम्मे. तुमच्या पत्रातलं प्रमाण अगदी हेच आहे, म्हणून तुमच्याकडेही सूत्रात फ्रंटेजला भरपूर वजन असावं असं वाटतं.

हे अन्यायाचं आहे का? मला वाटतं, नाही; निदान तत्त्वतः तरी नाही. झाडणारा माणूस आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फुटपाथ धुणारं यंत्र तुमच्या दोन बाजूंनी जातं, शेजाऱ्याच्या एकाच. पण तत्त्व मान्य केलं तरी माप बरोबर आहे असं होत नाही. तुमची ९० फुटांची बाजू खरा रस्ता आहे की मागची गल्ली? काही आराखडे गल्ली धरतच नाहीत, काही कमी दराने धरतात. माझ्या उदाहरणात त्या एका बाजूचे १,०८० डॉलर आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम तिथेच. बांधकामाचा आकडाही तपासा : त्यात तळघर धरलंय का, पार्किंग धरलंय का, जुन्या मालकाने पाडलेलं मागचं शेड अजून कागदावर उभं आहे का. २,००० चौरस फूट जास्त लागले असतील तर या दराने वर्षाला १२० डॉलर. रक्कम फार मोठी नाही, पण दहा वर्षं दर वर्षी. अहवालात प्रत्येक पार्सलचा (म्हणजे नोंदलेल्या प्लॉटचा) तक्ता असतो. आपला पार्सल नंबर काढा, तिथली मापं आणि खरेदीच्या वेळचे नकाशे शेजारी ठेवा. चूक सापडली तर शहराला आणि संस्थेला पुराव्यासकट लेखी कळवा. दुरुस्तीची तरतूद बहुतेक आराखड्यांत असते, आणि माप चुकल्याचं पटवणं हे सूत्र चुकल्याचं पटवण्यापेक्षा कितीतरी सोपं. झोनही बघा. बऱ्याच डिस्ट्रिक्टांत गाभ्यातल्या रस्त्यांना जास्त सेवा आणि जास्त दर, कडेच्यांना कमी. सीमारेषा तुमच्याच चौकातून गेली असेल तर ती कुठून नेली हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चर्चबद्दल मात्र तुमच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही. पोमोना शहराच्या डाउनटाउन डिस्ट्रिक्टवर अशाच सवलतींवरून खटला झाला होता. २००९ मध्ये अपील कोर्टाने ना-नफा संस्थांना दिलेली सूट ग्राह्य धरली. घटनेचा नियम लाभापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो, कमी घेऊ नका असं म्हणत नाही. चर्चची सूट तुमच्या माथी मारली असती तर गोष्ट वेगळी. ते तुमच्या अहवालातल्या बेरजेवरून कळेल. सरकारी मिळकती मात्र आपोआप सुटत नाहीत. शहराचं पार्किंग, ग्रंथालय, काउंटीची ऑफिसं यांना लाभ होत नाही हे भक्कम पुराव्याने दाखवलं नाही तर त्यांनाही भरावं लागतं. तक्त्यात ती पार्सलं आहेत का ते जरूर पाहा. (फक्त निवासी झोनमधल्या मिळकती मात्र कायद्यानेच बाहेर असतात.)

पाच टक्क्यांची वाढ कायदेशीर आहे, जर मूळ आराखड्यात 'वर्षाला कमाल ५ टक्के' असं लिहून मतदान झालं असेल तर. बहुधा तसंच असेल. ती कमाल आहे, सक्ती नाही. दर वर्षी किती वाढवायचं हे संस्थेच्या संचालक मंडळाच्या बैठकीत ठरतं. या बैठका राज्याच्या ब्राउन कायद्याखाली खुल्या असतात. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि बाहेरच्या माणसाला बोलू द्यावं लागतं. संस्था खासगी असली तरी डिस्ट्रिक्टच्या कामाचे तिचे कागद सार्वजनिक नोंदींच्या कायद्यात येतात, ते मागता येतात. वर्षाचा अहवाल कौन्सिलला द्यावाच लागतो आणि त्यात मागची शिल्लक किती पुढे ओढली हेही असतं. हा आकडा शोधा. दर वर्षी पूर्ण ५ टक्के वाढ घेऊनही पैसे शिल्लक राहत असतील तर तुमच्या हातात उत्तम मुद्दा आहे.

आता यजमानांच्या कचऱ्याच्या डब्याकडे येऊ.

डिस्ट्रिक्ट पुढे चालू ठेवायच्या नूतनीकरणाला दोन टप्पे आहेत आणि दोन्हींचं गणित उलटं आहे. तुमच्या हातात आत्ता आहे तो पहिला : याचिका. एकूण आकारणीपैकी ५० टक्क्यांहून जास्त रक्कम भरणाऱ्या मालकांच्या सह्या झाल्याशिवाय कौन्सिलला पुढे जाता येत नाही. इथे भागाकार सगळ्यांच्या रकमेवर होतो. म्हणून सही न करणं म्हणजे नकारच. कागद डब्यात टाकला काय आणि 'नाही' लिहून पाठवला काय, परिणाम एकच. शिवाय एकाच मालकाचा वाटा ४० टक्क्यांच्या वर असेल तर वरचा भाग धरत नाहीत, म्हणजे एकट्या टॉवरवाल्याला याचिका पार करता येत नाही.

याचिका पार झाली की शहर मतपत्रिका पोस्टाने पाठवतं, जाहीर सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी. तिथे गणित बदलतं. फक्त परत आलेल्या मतपत्रिका मोजतात, आणि प्रत्येक मताचं वजन त्या मिळकतीच्या आकारणीइतकं. विरोधातलं वजन बाजूने पडलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं तर आकारणी लावताच येत नाही, नाहीतर लागते. इथे गप्प बसणं म्हणजे नकार नव्हे, काहीच नव्हे. आणि याचिकेतली ४० टक्क्यांची अट इथे नाही, त्यामुळे मोठ्या मालकाचं मत पुऱ्या वजनाने पडतं. यजमानांचा सल्ला इथे उलटतो. विरोध असणारे छोटे मालक मतपत्रिका फेकून देतात, बाजूने असणारे मोठे मालक व्यवस्थित भरून पाठवतात, आणि निकाल लागल्यावर सगळे म्हणतात आधीच ठरलं होतं.

खोटी आशा दाखवत नाही. डिस्ट्रिक्टचं वर्षाचं बजेट १२ लाख डॉलर धरलं तर तुमच्या २,०६४ डॉलरचं वजन पावणेदोन दशांश टक्का. निम्म्या रकमेच्याच मतपत्रिका परत आल्या तर ते दुप्पट होईल, तरी अर्ध्या टक्क्यापर्यंतही पोहोचत नाही. एकटीने काही होणार नाही. पण त्याच दोन-तीन ब्लॉकमध्ये कोपऱ्यावरचे आणखी मालक असतील. त्यांची तक्रार तुमचीच आहे आणि त्यांचं वजनही फ्रंटेजमुळे फुगलेलं आहे. जी रक्कम तुम्हाला टोचते तीच तुमच्या मताला जोर देते, ही या पद्धतीतली एक गंमत आहे. पार्सलचा तक्ता हातात असेलच. मतपत्रिका येण्याआधी त्यांना फोन करा.

आणि खरं बळ मतात नाहीच, आत्ता आहे. सह्या गोळा करणाऱ्या संस्थेला पन्नास टक्के ओलांडायचे आहेत आणि आराखडा अजून मसुदाच आहे. मतपत्रिका छापल्यावर दर बदलून घेणं अवघड, आज सोपं. तुमच्या जागी मी असते तर सही रोखून एक पत्र पाठवलं असतं. डिस्ट्रिक्ट बंद करा अशी मागणी त्यात नको. तुमच्या पत्रात झाडलोटीबद्दल एकही तक्रार नाही, यावरून काम बरं होत असावं. मागायच्या गोष्टी वेगळ्या. पहिल्या वेळेला डिस्ट्रिक्टची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं असते, नूतनीकरणाला कायदा दहापर्यंत जाऊ देतो. पण दहाच घ्यावीत असं कुठे लिहिलेलं नाही, पाच मागा. वाढीची कमाल ३ टक्क्यांवर आणा : ५ टक्क्यांनी तुमचे २,०६४ दहाव्या वर्षी ३,२०० च्या घरात जातात, ३ टक्क्यांनी २,७०० च्या आत राहतात. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या बाजूला कमी दर मागा. हे तिन्ही मिळेल असं नाही. मुदत आणि कमाल यांवर संस्था थोडीफार वाकते. सूत्रावर सहसा वाकत नाही, कारण तुमचे कमी केले तर शेजाऱ्याचे वाढवावे लागतात आणि मग तो याचिकेवर सही करत नाही.

अहवाल वाचताना 'सामान्य लाभ' नावाचा भाग चुकवू नका. स्वच्छ फुटपाथचा फायदा तुमच्याशिवाय वाटसरूंनाही होतो, डिस्ट्रिक्टबाहेरच्यांनाही. तेवढा वाटा इंजिनिअरने वेगळा काढून दाखवायचा असतो आणि तो तुमच्याकडून घेता येत नाही; तो शहराच्या निधीतून, प्रायोजकांकडून, कार्यक्रमांच्या उत्पन्नातून आणावा लागतो. सॅन डिएगोच्या गोल्डन हिल भागातली आकारणी २०११ मध्ये कोर्टात पडली ती बरीचशी यावरच : सामान्य लाभ वेगळा काढून मोजलेला नव्हता आणि शहराच्या स्वतःच्या पार्सलांना मतांचं वजन कसं दिलं याचाही नीट खुलासा नव्हता. ते डाउनटाउन डिस्ट्रिक्ट नव्हतं, देखभालीचं होतं, पण घटनेचं कलम एकच. तुमच्या अहवालात हा भाग चार ओळींत उरकला असेल तर सुनावणीत तोच प्रश्न विचारा. कोर्टात लाभ सिद्ध करण्याची जबाबदारी शहरावर असते, तुमच्यावर नाही.

कोर्टाची पायरी मी सुचवत नाही. वर्षाला दोन हजारांसाठी वकील परवडत नाही. तरी दोन गोष्टी माहीत असू द्या. आकारणीचा ठराव झाल्यापासून ३० दिवसांत दावा लावला नाही तर दार बंद होतं. आणि २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजलिसच्या दोन डिस्ट्रिक्टांच्या प्रकरणात सांगितलं की सुनावणीत हरकत मांडली नाही म्हणून मालकाचा दाव्याचा हक्क जात नाही; पण २०२५ पासूनच्या नव्या कायद्यानुसार, शहराने ठरलेली प्रक्रिया पाळली असेल तर आधी लेखी हरकत द्यावी लागू शकते. म्हणून हरकत लेखी द्या आणि सुनावणी चुकवू नका बरं. तिथे निदान प्रश्नाची नोंद तरी होते.

मतपत्रिका आली की एवढं सांभाळा : मालक म्हणून सही हवी, आणि सुनावणीतलं लोकांचं बोलणं संपण्याआधी ती शहराकडे पोहोचायला हवी. तोपर्यंत मत बदलताही येतं, परतही घेता येतं. इमारत एलएलसीच्या (म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर असेल तर सहीचा अधिकार कोणाला, तो कागद आधीच काढून ठेवा. नूतनीकरण झालंच तरी मुदत संपेपर्यंत हात बांधलेले नसतात. दर वर्षी ३० दिवसांची एक खिडकी असते. त्यात निम्मी किंवा जास्त आकारणी भरणाऱ्या मालकांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलला डिस्ट्रिक्ट गुंडाळण्याची सुनावणी लावावी लागते, आणि गुंडाळलं तर उरलेले पैसे मालकांना प्रमाणात परत जातात.

तुमचे कुणी नातेवाईक न्यू जर्सीत असतील आणि 'आमच्याकडे असं मतदान वगैरे नसतं' म्हणाले तर तेही बरोबर आहेत. तिथे नगरपालिका अध्यादेश काढून असं डिस्ट्रिक्ट करू शकते. त्यांचे सल्ले प्रेमाने ऐका, वापरू नका.

राहिले डॉक्टर. इथे कायद्यापेक्षा तुमचं लीज बोलतं. ट्रिपल नेट लीज (टॅक्स, विमा, देखभाल भाडेकरूकडे) असेल तर टॅक्सबरोबर अशा आकारण्याही भाडेकरूकडून घेण्याची तरतूद त्यात बहुधा असतेच. 'टॅक्स' या शब्दाच्या व्याख्येत विशेष आकारणी धरली आहे का, तेवढं वाचा. ग्रॉस लीज (सगळा खर्च भाड्यातच धरलेलं) असेल तर आत्ता काही मागू नका, ते तुमच्या भाड्यातच आलं. पुढच्या लीजमध्ये मात्र ही ओळ नावानिशी घाला आणि वर ऑफिसवाल्यांना किती वाटा, खाली किती, तेही लिहा. डॉक्टरांकडून पैसे घेत असाल तर याचिकेवर काही ठरवण्याआधी त्यांना विचारा. सकाळी आठ वाजता दार उघडताना पायरीवर काय असतं, रात्री पेशंट पार्किंगपर्यंत चालत जायला घाबरतात का, हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना चांगलं ठाऊक. ते म्हणाले की पाच वर्षांत काहीच फरक पडला नाही, तर मी वर दिलेला सौम्य सल्ला बाजूला ठेवा आणि मतपत्रिकेवर सरळ 'नाही'ची खूण करून वेळेत पाठवा.